क्लेवाचा बोन्दे

आस्लाक क्लेवा ज्या वसंतात बोन्दे झाला, त्या वसंतात तो घरी नव्हता. तो नदीवर होता, लांब काठीला लोखंडी आकडा लावून पाण्यात अडकलेले ओंडके मोकळे करत. बातमी घरी आली ती गुनवोरला, त्याच्या बायकोला, कारण घरी तीच असे. नव्या जमीन कायद्याने क्लेवाचा तिरका उतार, त्यावरचं दोन खोल्यांचं लाकडी घर, गोठा आणि दगडांची एक भली मोठी रास धनी असलेल्या सोलबर्गवाल्यांच्या हातून सुटून आस्लाकच्या नावावर झाली होती. सांगायला आलेल्या माणसाने दारात टोपी काढली आणि विचारलं, "बोन्दे आहेत का घरात?" गुनवोरने हातातलं शेणाचं फावडं टेकवलं आणि खरोखर मागे वळून पाहिलं, आपल्या घरात कोण पाहुणा आलाय म्हणून.

आमच्या खोऱ्यात शेती सगळेच करतात, त्यात काही विशेष नाही. बोन्दे तो, ज्याची जमीन त्याची स्वतःची, जो चर्चमध्ये पुढच्या बाकावर खोकतो आणि ज्याच्या खोकल्याकडे धर्मगुरू काळजीने बघतो. बाकीचे हुसमन. हुसमनने धन्याच्या जमिनीच्या एखाद्या निकामी तुकड्यावर घर बांधायचं आणि त्याबदल्यात धन्याच्या शेतात राबायचं. केव्हा राबायचं, तर धन्याचं गवत वाळायला येईल तेव्हा. देवाची करणी अशी, की हुसमनचं गवतही नेमकं त्याच दिवशी वाळायला येतं. त्यामुळे हुसमनचं गवत त्याची बायको कापते. क्लेवाचं गवत गुनवोर कापत असे.

आता आस्लाक आळशी होता असं कुणी म्हणू नये. तो मरमर कष्ट करायचा, फक्त घरी नाही. हिवाळाभर जंगलात झाडं तोडायला, बर्फ वितळलं की ओंडक्यांमागे नदीवर, उन्हाळ्यात सोलबर्गच्या शेतात. पानगळीत तो घरी यायचा, दाढी करायचा, चार दिवस चुलीपाशी पाय शेकत बसायचा आणि मग घरभर हिंडून काय काय बदललंय ते बघायचा. "हा बांध कधी घातलास?" "गेल्याच्या आधीच्या उन्हाळ्यात." "बरा झालाय. पण थोडा वाकडा आहे." बांधातले दगड गुनवोरने शेतातून एकेक करून उपसले होते, काही तर पोटात मूल असताना. ते मूल राहिलं नाही. दगड मात्र एकूण एक राहिले. बांध वाकडा होता हे खरं.

तर असा हा आस्लाक नदीवरून बोन्दे होऊन परत आला. येताना चालायची पद्धत बदलून आला होता. हात पाठीमागे बांधून, पोट पुढे काढून. पोट नव्हतंच, पण त्याने काढलं. स्वतःच्याच उतारावर उभा राहून तो आभाळाकडे बघायचा आणि पावसाबद्दल नाराजी दाखवायचा, जसे सोलबर्गचे धनी स्वाइनुंग दाखवतात. पूर्वी पाऊस आला तर तो भिजायचा, एवढंच. आता त्याला पावसाचा राग येऊ लागला.

मग त्याने घंटा आणली. मोठ्या घरांच्या कोठारावर जेवणाची घंटा असते. ती वाजली की शेतातले गडी हातातलं काम टाकून ताटावर येतात. क्लेवाला गडी नव्हते आणि कोठार म्हणजे एक फळ्यांची खोली होती, पण आस्लाकने तिच्यावर खांब ठोकून घंटा लावलीच. घंटा वाजली की जेवण तयार असतं, असं त्याने सोलबर्गला आयुष्यभर पाहिलं होतं. इथे घंटा वाजली की गुनवोर बटाट्याच्या शेतातून हात झाडत यायची आणि जेवण करायला घ्यायची.

"अरे, हाक मारली असतीस तरी आले असते की," ती एकदा म्हणाली.

"हाक हुसमनच्या घरी मारतात," आस्लाक म्हणाला.

घंटेमागून आली पेटी. कुणाकडे लग्न, बारसं, मयत असली की आमच्या बायका घरचं लोणी, सायीची लापशी, मऊ पोळ्या असं काहीबाही रंगीत लाकडी पेटीत घालून नेतात. पेटीवर वेलबुट्टी असते आणि घरचं नाव. आस्लाकने चांगल्या रंगाऱ्याकडून पेटी रंगवून घेतली. निळ्या जमिनीवर लाल फुलं आणि झाकणावर ठळक अक्षरांत: "आस्लाक क्लेवा, बोन्दे". पेटीत जे पदार्थ जायचे ते करणारीचं नाव कुठे घालायचं, असं रंगाऱ्याने विचारलं म्हणे. आस्लाकने सांगितलं, जागा उरणार नाही.

गुनवोर यातल्या कशावरच फारशी चिडली नाही. बोन्दे होऊन काय हवं, ते तिचंही ठरलेलं होतं आणि ते आस्लाकच्या मानाने अगदीच स्वस्त होतं. तिला सोलबर्गच्या मोठ्या खोलीत एकदा जेवायला बसायचं होतं. वाढायला नव्हे, बसायला. चौदाव्या वर्षी ती त्या घरी दूध काढायला लागली, लग्न झालं तरी प्रत्येक कार्याला तिला बोलावणं यायचं ते मागच्या दाराने, आणि त्या खोलीत ती जितक्या वेळा गेली तितक्या वेळा हातात काहीतरी गरम होतं. त्या खोलीतली टेबलाची कड तिला ठाऊक होती, पण खुर्चीत बसल्यावर खिडकीतून काय दिसतं ते ठाऊक नव्हतं. एकदा तिथे बसायचं आणि दुसऱ्याच्या हातचं वाढलेलं खायचं. हुसमनला कार्याची पंगत मिळत नाही, बोन्देच्या घराला मिळते. म्हणून नवरा बोन्दे झाला तेव्हा तिला त्याच्याहून जास्त आनंद झाला होता. तिने तो कुणाला दाखवला नाही.

त्या हिवाळ्यात तोर्युस मास्तरांचं व्याख्यान झालं. तोर्युस म्हणजे आमच्या खोऱ्याचं सगळं शहाणपण एकाच कोटात घातलेला माणूस. शाळा तेच चालवत, मयतीला स्तोत्र तेच म्हणत, कार्याची आमंत्रणं घरोघर तेच करत आणि पंगतीत कोणाला कुठे बसवायचं तेही तेच ठरवत. त्यांनी विषय घेतला "बोन्दे: एका शब्दाची कहाणी". खोऱ्यातले झाडून सगळे बोन्दे आले. आपल्याबद्दल कुणी बोलणार असेल तर ऐकायला कुणाला आवडत नाही?

"हा शब्द फार जुना," मास्तर म्हणाले. "आपले पूर्वज बुआन्दी म्हणत. आता तुम्हाला वाटेल, याचा अर्थ जमिनीचा मालक. तर नाही. नांगर धरणारा? तेही नाही. बुआन्दी म्हणजे राहणारा. एका जागी घर करून जो टिकून राहतो, तो."

सभेला हे आवडलं. टिकून राहण्यात आपण कुणाला हार जाणार नाही, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसलं. मास्तरांनी तिथेच थांबायला हवं होतं. पण विद्वान माणसाला थांबायची जागा दिसत नाही. त्यांनी पुढे सांगितलं, की जुन्या काळी याच शब्दाने बायका आपल्या नवऱ्यालाही ओळखत. की बुद्धिबळातलं सगळ्यात हलकं सोंगटं, जे सगळ्यांच्या आधी मरायला पुढे ढकलतात, त्यालाही आपण बोन्देच म्हणतो. आणि राजधानीत कुणी सूप पिताना आवाज केला तर त्याला जी शिवी देतात ती हीच. सभेत चुळबुळ झाली.

स्वाइनुंग सोलबर्ग पुढच्या बाकावरून उठले. खोऱ्यातला सगळ्यात मोठा बोन्दे, आवाजही त्याच मापाचा. "राहतो तो बोन्दे म्हणता मास्तर, मग माझ्या गोठ्यात एक मांजर राहतंय वर्षानुवर्षं. त्यालाही टोपी काढून नमस्कार करायचा का?"

"मांजर कर भरत नाही," मास्तर म्हणाले. सभा हसली आणि अब्रू वाचल्याच्या समाधानात सगळे घरी गेले.

घरी जाताना बर्फातून चालता चालता गुनवोरने विचारलं, "राहणारा म्हणाले ना रे मास्तर?"

"हो."

"मग गेल्या वर्षी तू क्लेवाला किती राहिलास?"

आस्लाकने टोपी कानांवर ओढली. मग म्हणाला, "तो जुना अर्थ झाला. आता कुठे तसा राहिलाय."

पुढच्या पानगळीत सोलबर्गची म्हातारी ओस्ने गेली. स्वाइनुंगची आई. मुलाच्या हाती घर सोपवल्यापासून ती अंगणापलीकडच्या छोट्या घरात एकटी राहायची आणि खिडकीतून सुनेची, म्हणजे मार्गितची, प्रत्येक चूक मोजायची. गुनवोरला तिने दूध काढायला शिकवलं होतं, म्हणजे बरोबर काढलं नाही तर कानाखाली वाजवली होती. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून कौतुकाचा शब्द एकदाच निघाला. लापशी चाखून म्हणाली होती, "करपली नाहीये." ती गेल्याचं कळलं तेव्हा गुनवोर गोठ्यात बसून रडली आणि आपण कशाला रडतोय याचं तिला नवल वाटलं. पण लगेच, डोळे पुसायच्या आधी, तिच्या मनात दुसरा विचार आला. आता आमंत्रण येईल. पुढच्या दाराने.

आलंही. काळा कोट, हातात काठी, तोर्युस मास्तर उतार चढून आले. आस्लाकने त्यांना लांबून पाहिलं आणि घाईघाईने घरात जाऊन चांगली बंडी घातली, म्हणजे दार वाजल्यावर आश्चर्य दाखवायला तो मोकळा. मास्तर उंबऱ्यावर उभे राहिले, ठरलेल्या सुरात म्हणाले:

"सोलबर्गच्या स्वाइनुंगचा आणि मार्गितचा नमस्कार. आई ओस्ने हिला शनिवारी मातीला न्यायचं आहे. क्लेवाच्या बोन्देने यावं, तिला निरोप द्यावा आणि मोठ्या खोलीत पंगतीला बसावं."

आस्लाकला आभाळ ठेंगणं झालं. त्याने मान लववली. इतक्या दुःखाच्या प्रसंगी हसू दाबायला त्याला किती त्रास पडला ते त्याच्या कानांवरून कळत होतं.

मास्तर खोकले. "आणि मार्गितने सांगितलंय, गुनवोरने गुरुवारीच यावं. बिअर गाळायची आहे. आणि लापशी, ती म्हणाली, दुसऱ्या कुणाला सोपवायची नाही."

"येईल की!" आस्लाक म्हणाला.

गुनवोर चुलीपाशी उभी होती. तिने शांतपणे विचारलं, "मास्तर, हौगेन बोन्देच्या घरी काय म्हणालात? नुसतं बोन्देने यावं, असंच?"

मास्तरांनी आपली टोपी नीट बघून घेतली. "नाही. बोन्दे आणि बायको, दोघांनी."

"तिथली बाई लापशी करत नाही वाटतं?"

"करते. पण तुझ्यासारखी नाही."

"म्हणजे मी वाईट केली असती तर खुर्ची मिळाली असती."

मास्तर म्हणाले, अजून बरीच घरं करायची आहेत. आणि गेले.

ते उतारावरून दिसेनासे झाले. मग गुनवोर म्हणाली, "येईल की म्हणालास. कुणाला विचारून?"

"अगं, केवढा मान दिलाय त्यांनी!"

"तुला. माझ्या हातात पळी दिलीय."

"एकदा मला त्या खोलीत पाय ठेवू दे. पुढच्या वेळी तुलाही नेतो."

"पुढच्या वेळी म्हणजे? आता कोणाला मारतोयस?"

"तू ना, प्रत्येक गोष्ट वाकडी धरतेस."

"बांधसुद्धा," गुनवोर म्हणाली.

तरी ती गेली. मार्गितसाठी नाही, आस्लाकसाठी तर मुळीच नाही. म्हातारीच्या मयतीला कुणा धसमुसळीने लापशी करपवली असती तर तिला ते सहन झालं नसतं. आणि आस्लाकच्या आग्रहाखातर तिने रंगीत पेटीही भरून नेली, लोणी आणि पोळ्या घालून. शनिवारी इतर घरच्या बायका पेट्या घेऊन पुढच्या दाराने येतील, मार्गित प्रत्येकीच्या हातून पेटी घेईल, झाकण उघडून वाहवा करेल, ही रीत. गुनवोरची पेटी गुरुवारीच मागच्या दाराने आली. ती घ्यायला कुणी नव्हतं म्हणून तिने एका हाताने दिली, दुसऱ्या हाताने घेतली आणि जळणाच्या लाकडांशेजारी ठेवली. "आस्लाक क्लेवा, बोन्दे" हे नाव शनिवारपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभं होतं.

शनिवारी म्हातारी मातीत गेली. धर्मगुरूने तिच्या मायाळूपणाबद्दल बरंच सांगितलं. तो खोऱ्यात नवीन होता. मंडळी सोलबर्गला परतली तेव्हा अंगणात मयतीच्या रीतीप्रमाणे जुनिपर झुडपाच्या फांद्या पसरल्या होत्या आणि बिअरचा पहिला प्याला दारातच फिरत होता. मोठ्या खोलीत टेबल भिंतीपासून भिंतीपर्यंत मांडलेलं. आत कुणी आपणहून जात नाही. मास्तर काठी घेऊन दारात उभे राहतात, घराचं नाव पुकारतात, त्या घरची जोडी उठते आणि आत जाऊन आपल्या जागी बसते. वरच्या टोकाला धर्मगुरू, मग यजमान, मग मोठी घरं, मग त्याहून लहान. आपल्यापुढे कुणाचं नाव आलं हे आमच्याकडे माणसं पुढची वीस वर्षं विसरत नाहीत.

"हौगेन!" मास्तरांनी काठी आपटली. हौगेनची जोडी गेली. "नूरबो!" नूरबोची जोडी गेली. आस्लाक अंगणात काळ्या कोटात उभा होता. कोट त्याच्या वडिलांच्या मापाचा होता आणि वडील आडव्या अंगाचे होते. खोली भरत आली तसतसा त्याचा चेहरा पांढरा पडत गेला.

"क्लेवा!"

सगळ्यात शेवटी, पण पुकारलं. आस्लाक एकटाच आत गेला. त्याची जागा टेबलाच्या खालच्या टोकाला होती, स्वयंपाकघराच्या दाराला चिकटून, जिथे येणारी-जाणारी प्रत्येक बाई त्याच्या पाठीला कोपर मारणार. पण ती जागा होती. तो बसला. त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि टेबलाच्या लाकडावरून एकदा हळूच फिरवले. हे मी हसण्यावारी नेणार नाही. त्याच्या बापाने ते टेबल उचलून अंगणात धुवायला नेलेलं होतं, त्याला टेकून कधी बसला नव्हता.

घोटाळा मास्तरांनी केला. आयुष्यभर त्यांनी घरं बसवली होती, आणि घर म्हटलं की दोन खुर्च्या, दोन ताटल्या, दोन चमचे, हे त्यांच्या हातात इतकं बसलेलं, की क्लेवासाठीही त्यांनी तसंच मांडून ठेवलं होतं. मार्गितने काय सांगितलं ते त्यांच्या डोक्यात होतं, पण मांडामांड डोक्याने कोण करतं? आस्लाकच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. सगळ्या खोलीत तेवढी एकच.

गुनवोर लापशीचं मोठं लाकडी भांडं दोन्ही हातांनी छातीशी धरून दारातून आली. वर लोणी वितळून सोनेरी तळं झालेलं. पहिली पळी धर्मगुरूच्या ताटलीत पडायची, मग स्वाइनुंगच्या, तिथून पुढे उतरत उतरत शेवटी आस्लाकच्या. हे ती झोपेतसुद्धा करू शकली असती. पण दारातच तिला खुर्ची दिसली. ताटली, चमचा, आणि खुर्चीची पाठ जराशी बाहेर ओढलेली, जशी कुणी येणार असलं की ठेवतात.

ती थांबली. तिने भांडं दाराजवळच्या फडताळावर ठेवलं. पाठीमागे हात नेऊन एप्रनची गाठ सोडली, एप्रनची नीट घडी केली, ती भांड्याशेजारी ठेवली. आणि खुर्चीवर बसली. खिडकीतून ओढा दिसत होता आणि पलीकडे, तिला कधी वाटलंच नव्हतं, क्लेवाचा उतार. बांध वाकडा होता. इथून चांगलाच दिसत होता.

बोलणं वरच्या टोकापासून थांबत थांबत खाली आलं.

"गुनवोर?" मार्गित म्हणाली. "काय होतंय? चक्कर आली का?"

"नाही. भूक लागलीय."

"अगं, पण लापशी..."

"झालीय. चांगली झालीय. वाढा कुणीतरी."

स्वयंपाकघराच्या दारात कामाला आलेल्या हुसमनांच्या बायका येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यापैकी एकीनेही भांड्याला हात लावला नाही. त्या फक्त बघत होत्या, आणि त्यांच्या बघण्यात दुःख बिलकूल नव्हतं.

"ऊठ," आस्लाक ओठ न हलवता म्हणाला. "ऊठ गं. सगळे बघतायत."

"क्लेवा म्हणून पुकारलं ना?" गुनवोर नेहमीच्या आवाजात म्हणाली. "मग मी कुठली?"

स्वाइनुंग वरच्या टोकावरून मोठ्याने हसले. यजमानाला प्रसंग सांभाळावा लागतो आणि त्यांना तो सांभाळायची एकच रीत माहीत होती. "काय रे आस्लाक! तुमच्या क्लेवाला बोन्दे कोण, ते तरी कळू दे आम्हाला!"

खोली हसली. मयतीच्या जेवणात माणसं हसायला टपलेलीच असतात. आस्लाकचे कान लाल झाले, मग मान, मग वडिलांच्या कोटात जेवढा आस्लाक होता तेवढा सगळा. त्याला उत्तर द्यायचं होतं. एक शब्द पुरला असता. टेबलावर मूठ आपटून "ऊठ!" म्हटलं असतं तर खोऱ्याने त्याच दिवशी त्याला बोन्दे म्हणून कायमचा कबूल केला असता, तिथे बसलेल्यांपैकी निम्म्यांकडे याखेरीज दुसरी लायकी नव्हती. त्याने तोंड उघडलं. बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे हात मांडीवर होते. रिकामे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते हात रिकामे कसे दिसतात हे त्याने पाहिलं नव्हतं. मोठे होते, त्याच्या हातांहून मोठे, आणि बोटं सरळ होत नव्हती.

"मास्तरांना विचारा," तो पुटपुटला. "त्यांनी सांगितलाय ना अर्थ."

मास्तर काठीची मूठ तपासू लागले. "तसं पाहिलं तर," ते म्हणाले, "म्हणजे शब्दाच्या मुळाशी गेलं तर, जो घर करून राहतो..."

"मूळ राहू द्या हो," म्हातारा हौगेन ओरडला. "लापशी गार होतेय!"

आणि आस्लाक उठला. त्याच्या मनात काही थोर विचार आला होता असं मी सांगणार नाही. एवढ्या डोळ्यांपुढे त्याला बसवेना आणि पळवेना, आणि हातात भांडं असलेल्या माणसाला निदान काहीतरी काम असतं. त्याने फडताळावरून भांडं उचललं. ते भलतंच जड निघालं. वरचं टोक लांब होतं, खोलीच्या त्या भिंतीला; धर्मगुरू ताटली पुढे करून वाट बघत होता; आणि तिथवर सगळ्या खोऱ्याच्या नाकासमोरून चालत जायचं होतं. आस्लाकला ते झेपलं नाही. समोर जी पहिली ताटली दिसली तिच्यापाशी त्याने भांडं टेकवलं.

ती गुनवोरची होती. अशा रीतीने आस्लाक क्लेवाच्या हातून आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम झालं, निव्वळ घाबरून.

मार्गितच्या तोंडून "अग बाई" एवढंच निघालं. आस्लाकने पळी धरली. पळी कशी धरतात ते त्याला येत नव्हतं, अर्धी लापशी टेबलावर सांडली. तो शेजारी वाकून उभा राहिला, घामाघूम, कोटाची बाही लोण्यात बुडालेली.

"एवढी पुरे?" त्याने हळू आवाजात विचारलं.

गुनवोरने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तिला रडू येत होतं आणि तिने ते लपवलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "अजून घाल."

त्याने घातली. लापशी गार झाली होती, वर सायीचा पापुद्रा धरला होता. तिने चमचा उचलला. धर्मगुरू थांबला होता, सोलबर्ग थांबलं होतं, सगळं खोरं रिकाम्या ताटल्या पुढे घेऊन थांबलं होतं. तिने घाई केली नाही.